छप्पर नको म्हणणारे देव

उत्तर कन्नड जिल्ह्यातलं कॅसलरॉक हे स्टेशन एकेकाळी वेस होतं. इकडे इंग्रजांचा मुलूख, तिकडे पोर्तुगिजांचा. १८८० च्या दशकात मुरगाव बंदराकडून मीटरगेजची गाडी घाट चढून वर यायला लागली. घाट कुळ्यापासून २६ किलोमीटरचा, आणि चढ असा की ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. वर आल्यावर पेट्या उघडायच्या, जकात भरायची, मगच पुढचा प्रवास. १९६१ साली गोवा मुक्त झाला, वेस पुसली गेली आणि जकातवाले घरी गेले.

या डोंगरांत पहारेकऱ्यांची दुसरीही एक जात आहे. ती जकातवाल्यांच्या कितीतरी आधीपासून इथे आहे आणि अजून ड्यूटीवर आहे. पगार म्हणजे नारळ, रोट, कधीमधी बिडी. हद्द म्हणजे दोन-चार एकरांचं रान. हत्यार एकच, भीती. या रानातली काडी उचललीस तर बघ!

जोयड्यापासून सत्तरीपर्यंत, दोडामार्गापासून मावळापर्यंत पसरलेल्या या खात्याची ही थोडी चटपटीत हजेरी. मधूनमधून जपानलाही जाऊन येऊ, कारण तिकडचे गल्लीबोळातले देव आपल्या देवांचे सख्खे चुलतभाऊ शोभतील असे आहेत.

नावं किती, रान एकच

घाटावर देवराई. रत्नागिरीकडे देवरहाटी. सिंधुदुर्गात नि गोव्यात राय किंवा देवरान. कन्नड मुलखात शिरलात की बन आणि कान, कोडगूत देवरकाडू. केरळात सापांसाठी राखलेलं सर्पकावू. होन्नावरजवळ तर देवीचंच नाव रानावरून पडलंय. करिकान म्हणजे काळंकुट्ट रान, आणि त्यातली ती करिकानम्मा. कॅसलरॉकच्या परिसरात कोकणी, मराठी आणि कन्नड तिन्ही भाषा कानावर पडतात, त्यामुळे एकाच झाडीला तीन घरांत तीन नावं असली तर नवल नाही.

जपानी शब्द मात्र ऐकण्यासारखा आहे. चिंजु नो मोरी. चिंजु म्हणजे जागेची राखण करणारा देव, मोरी म्हणजे रान. मालवणीत सांगायचं तर सरळ राखणदाराचं रान! मान्योशू या आठव्या शतकातल्या काव्यसंग्रहात देवस्थानाचं अक्षर काही ठिकाणी चक्क ‘मोरी’ असं वाचतात. देऊळ कुठे संपतं आणि रान कुठे सुरू होतं, हा प्रश्न त्या काळच्या माणसाला पडतच नसावा.

गणती हवी? भारतात कागदावर नोंद झालेल्या देवराया तेरा हजारांहून जास्त. एकट्या कोडगू जिल्ह्यात १,२१४. जपानात शिंतो देवस्थानं सुमारे ८० हजार, आणि त्यातली कितीतरी आपल्या पारावरच्या म्हसोबाएवढी.

घर बांधू का? नको!

देवराईतल्या देवांची एक खोड आहे. पुष्कळांना छप्पर चालत नाही. पाषाण उघड्यावर, पाऊस अंगावर, वर फक्त फांद्या. गावोगाव सांगतात की अमक्याने देवीला देऊळ बांधायला घेतलं, तर रात्रीत भिंत पडली, नाहीतर देवी स्वप्नात आली आणि ‘मला कोंडू नकोस’ म्हणाली. खरंखोटं देवी जाणे. पण हिशोब सोपा आहे. देवाला छप्पर म्हणून झाडच हवं असेल, तर झाड तोडणारा माणूस देवाचं घर पाडतो.

जपानातल्या नारा प्रांतात ओमिवा नावाचं देवस्थान आहे, तिथल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. त्याला गाभाराच नाही. मागचा मिवा डोंगर हाच देव. लोक समोरून डोंगराला नमस्कार करतात आणि परततात. तिथे सुगी नावाच्या एका जुन्या झाडात सर्परूपी देव राहतो अशी समजूत आहे. त्याच्यापुढे नैवेद्य काय ठेवतात? कच्ची अंडी आणि साके, म्हणजे तांदळाची दारू.

नैवेद्याचा विषय निघालाच आहे तर

आपल्या राखणदाराचंही फारसं सोवळं नसतं. गोव्या-सिंधुदुर्गात त्याला जाडजूड रोट लागतो, केळी लागतात आणि थोडी ‘गरम’ही लागते. मावळात आजिवलीच्या वाघजाईची देवराई भेरली माडांनी भरलेली आहे. हा माशाच्या शेपटासारख्या पानांचा उंच माड. त्यातून ताडी काढतात, माड तोडत मात्र नाहीत. रान राखायचं नि रानावर जगायचंही, हे व्यवहारज्ञान त्या माडांना चांगलंच मानवलंय.

ओमिवाचा देव तर दारू गाळणाऱ्यांचाच पाठीराखा. जपानभर साकेच्या भट्टीच्या दारात सुगीच्या डहाळ्यांचा फुटबॉलपेक्षा मोठा गोळा टांगलेला दिसतो, ती चाल याच देवस्थानातली. नवी साके आली की हिरवा गोळा लटकवायचा. तो जसजसा तपकिरी होईल तसतशी साके मुरली असं समजायचं. पाटी लावायला नको, तारीख छापायला नको.

पायताण, कुत्रा, वारूळ

राखणदार रात्री हद्दीवर फिरतो. फिरतो म्हणजे चपला झिजणारच. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला म्हणून भलेमोठे चामडी जोडे वाहतात, आणि काही दिवसांनी तळवे झिजलेले दिसतात असं भाविक सांगतात. या वेतोबाची आधीची मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, म्हणून आरवलीकर फणसाचं लाकूड इतर कामाला वापरत नाहीत. एका मूर्तीपायी गावातल्या सगळ्या फणसांना अभय!

कोडगूच्या काही देवरकाडूंत अय्यप्पाला मातीचे भाजलेले कुत्रे वाहतात, कारण देव शिकारी आहे. जपानी देवळाच्या दाराशी दगडी कुत्र्यांची जोडी असते. इनारी या देवाचं देऊळ असेल तर कोल्हे.

गोव्याची सातेरी मात्र मूर्तीच्या भानगडीतच पडत नाही. ती वारूळ, कोकणीत रोयण. वाळवी बांधते, माणूस फक्त फुलं वाहतो. वाघाच्या मुलखात वाघ्रो. जोयडा तालुक्याचा मोठा भाग आता काळी व्याघ्र प्रकल्पात येतो. सरकारने २००७ साली हा व्याघ्र प्रकल्प जाहीर केला. कुणब्यांनी आणि वेळिपांनी त्याआधीच वाघाला देव करून दगडावर कोरून ठेवलं होतं.

आधी कौल, मग कोयता

देवराईतलं लाकूड कधीच निघत नाही, असं नाही. देवळाची तुळई मोडली, गावावर संकट आलं तर निघतं. पण विचारावं लागतं. पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, सगळे श्वास रोखून बघतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. काहीच पडलं नाही तर देव विचारात आहे, उद्या या. जपानी देवळांत भविष्याच्या चिठ्ठ्या मिळतात. वाईट निघाली तर माणूस ती तिथल्याच झाडाला किंवा तारेला बांधून मोकळा होतो. संकट झाडाकडे, माणूस घरी. आपल्या वडाला सात फेरे दोरा बांधणाऱ्या बायकांना यात काही नवं वाटणार नाही. तिकडच्या देवाच्या झाडाला तर भाताच्या पेंढ्याचा पीळदार दोर आणि त्यावर कागदाच्या नागमोडी पट्ट्या, म्हणजे लांबूनच कळावं की या झाडात कोणी राहतंय.

कौलाच्या या पद्धतीवर एका स्कॉटिश साहेबाने घेतलेला संशय फार मजेदार आहे. फ्रान्सिस बुकानन हा डॉक्टर, टिपू पडल्यावर कंपनीने त्याला नवा मुलूख बघायला धाडला. १८०१ साली तो कारवारच्या बाजूला, म्हणजे आजच्या याच उत्तर कन्नड जिल्ह्यात, फिरत होता. त्याने टिपून ठेवलं की इथली जंगलं गावदेवाच्या मालकीची समजतात. झाड तोडायचं तर गावच्या गौडाची, म्हणजे गावप्रमुखाची, परवानगी लागते, आणि तो गौडाच देवाचा पुजारी. परवानगीबद्दल देवाला काही मिळत नाही, पण न विचारता तोडलं तर देव सूड घेतो. मग साहेबाने डोकं खाजवलं आणि निष्कर्ष काढला की सरकारने जमिनीवर हक्क सांगू नये म्हणून या लोकांनी केलेली ही निव्वळ युक्ती आहे.

आता यात साहेबाचं चुकलं कुठे? युक्ती होतीच! फक्त कंपनी सरकार यायच्या कितीतरी आधी केलेली. आजही कोकणात काही सातबाऱ्यांवर मालकाच्या जागी देवाचं नाव सापडतं, आणि आपल्या कायद्याने देव हा खातेदार होऊ शकतो. तलाठ्याने नोटीस काढली तर बजवायची कोणाला, हा प्रश्न वेगळा.

रुळाखालची लाकडं

कॅसलरॉकला रूळ दिसतात, त्यांच्याखालचं लाकूड विसरायला होतं. सुरुवातीच्या रेल्वेने भारतातली जंगलं स्लीपरांसाठी अशी काही खाल्ली, की सरकारला १८६४ साली वनखातंच काढावं लागलं. त्याचे पहिले प्रमुख डिट्रिख ब्रँडिस, मूळचे जर्मन. काम काय, तर लाकूड पुरवून पुरवून वापरायचं. याच ब्रँडिस साहेबांनी पुढे, १८९७ च्या आपल्या लिखाणात, देशभरच्या देवरायांची कौतुकाने दखल घेतली. आयुष्यभर जंगलाचं गणित मांडलेल्या माणसाला, हिशोब न ठेवता टिकलेल्या रानाचं अप्रूप वाटलं असणार. निदान मला तरी तसंच वाटून घ्यायला आवडतं.

तुरुंगात सापडलेली बुरशी, जी बुरशी नाहीच

आता या लेखाचा हिरो. जपानी निसर्ग अभ्यासक मिनाकाता कुमागुसू, जन्म १८६७, गाव वाकायामा. लंडनला जाऊन ब्रिटिश म्युझियममध्ये वाचत बसायचा. तिथे एका वाचकाला ठोसा लगावला म्हणून अखेर बाहेर काढला गेला. ‘नेचर’ साप्ताहिकात त्याची ५१ टिपणं छापून आली. जीव जडला तो चिकट बुरशीवर. कुजक्या लाकडावर रांगणारा हा जीव, बुरशी म्हणतात पण बुरशी नाही, प्राणीही नाही. जुन्या, ओल्या, न झाडलेल्या रानात मिळतो. म्हणजे कुठे? देवाच्या रानात.

१९०६ साली जपान सरकारने फर्मान काढलं. गल्लोगल्लीचे छोटे देव फार झाले, एका गावाला एक देवस्थान पुरे, बाकीचे विलीन करा. कागदावर शिस्त, प्रत्यक्षात लाकूडबाजार. देव हलवला की त्याची झाडं विकायला मोकळी! काही वर्षांत सत्तर हजारांच्या आसपास देवस्थानं बंद झाली. मिनाकाताच्या भागात तर कहर झाला.

गडी पेटला. वर्तमानपत्रांत लिहिलं, पत्रांवर पत्रं पाठवली, आणि १९११ च्या आपल्या विरोधपत्रांत ‘इकॉलॉजी’ हा शब्द वापरला. जपानात तो वापरणाऱ्या अगदी पहिल्या माणसांत हा एक. झाडं गेली की पक्षी जातील, पक्षी गेले की किडे वाढतील, मग शेती जाईल, आणि देव गेला की गावाचा एकोपाही जाईल, असं त्याचं म्हणणं. १९१० च्या ऑगस्टमध्ये तर विलीनीकरणवाल्या अधिकाऱ्याला भेटायला हा पिऊन सभेच्या जागी घुसला. अठरा दिवस कोठडी. कोठडीत पठ्ठ्याने काय केलं? चिकट बुरशीचा नमुना शोधून काढला!

१९२९ साली खुद्द सम्राट त्याच्या गावाकडे आले. तेही जीवशास्त्राचे हौशी अभ्यासक. मिनाकाताने त्यांना ११० नमुने भेट दिले. राजाला भेट म्हणजे चंदनाची पेटी वगैरे हवी. याने दिले कॅरॅमलच्या गोळ्यांच्या खोक्यांत भरून.

आपल्याकडे हे काम ठोसे न लगावता झालं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पालथ्या घातल्या आणि त्यांवर लिहिलं. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या देवराईत त्यांना गारंबीची वेल भेटली. मीटरभर लांब शेंगा धरणारी ही महावेल. गुराला साप चावला की लांबलांबून लोक तिची साल न्यायला येत. अख्ख्या पंचक्रोशीचं जनावरांचं औषध, तेही एकाच वेलीवर!

कोण कोण राहतं आत

सातवीण. भुताचं झाड म्हणून बदनाम, रात्री तिच्याखालून जाऊ नये म्हणतात. शास्त्रीय नाव मात्र अल्स्टोनिया स्कोलॅरिस, म्हणजे शाळकरी. तिच्या लाकडाच्या पाट्यांवर पोरं अक्षरं गिरवायची. भूतही शिकलेलं! दक्षिणेला तुळुनाडात आषाढातल्या अवसेला पहाटे उठून तिची साल दगडाने ठेचून काढतात, लोखंड लावायचं नाही, आणि तिचा कडू काढा पितात. सिंधुदुर्गातही सातविणीचा काढा ओळखीचा आहे. अंधारात ओळखण्यात चूक करून काजऱ्याची साल आणू नये, एवढंच. ते जहर आहे.

रानजायफळ. पाय पाण्यात, गुडघे वर. या झाडाला दलदल लागते, म्हणून ते खोडाला टेकू देणारी मुळं काढतं आणि श्वास घ्यायला चिखलातून वाकड्या ढोपरांसारखी मुळं वर पाठवतं. सिद्दापूर तालुक्यातलं कत्तलेकान, म्हणजे अंधारं रान, अशा दलदलीसाठी नावाजलेलं. बिब्ब्याचा एक नवाच भाऊबंद तिथे सापडला आणि २००० साली त्याला त्या रानाचंच नाव मिळालं, सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस. गोव्यात सत्तरीतल्या बांबर गावी निरंकाराच्या राईत अशीच दलदल आहे, आणि दोडामार्गात हेवाळे-बांबर्डे इथे भालांडेश्वराच्या राईत. तिचं क्षेत्र अवघं २.५९ हेक्टर, तरी आता ते जैवविविधता वारसा स्थळ आहे. देवाने पिढ्यान्‌पिढ्या राखलं, सरकारने पाटी लावली. पाटीचीही गरज असतेच म्हणा.

मासा. आंबोलीत हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या पाण्यात रंगीत बोटभर मासा पोहत होता. २०२० साली तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विज्ञानाला नवा असल्याचं दाखवलं. नाव शिस्टुरा हिरण्यकेशी.

ककणेर, म्हणजे धनेश. दांडेली-जोयड्याची शान. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार लिंपून स्वतःला कोंडून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट. नर उंबराची नि वडाची फळं आणून भरवतो. आता ढोली पडायला झाड म्हातारं हवं, आणि म्हातारी झाडं कुठे शिल्लक? वखारवाल्याच्या लेखी पोकळ झाड म्हणजे कचरा. ककणेराच्या लेखी बाळंतपणाची खोली.

आणि बेडूक. स्टेशनच्या नावाचा! २००५ साली इंद्रनील दास आणि कृष्णमेघ कुंटे यांनी कॅसलरॉकच्या ओढ्यातल्या बेडकाला निक्टिबॅट्रॅकस पेट्रेअस म्हटलं. पेट्रेअस म्हणजे खडकाचा. रात्री पाण्यावर ओणवलेल्या पानांवर अंडी घालायची, अंडी फुटली की पिल्लं टपकन खाली ओढ्यात. वर पान नसेल तर पाळणा नाही. रेल्वेच्या नकाशावरचं नाव प्राणिशास्त्राच्या यादीत असं पोचलं.

देवराईची झेरॉक्स

शहरात हल्ली महापालिकेच्या पाटीवर ‘मियावाकी वन’ दिसतं. दाटीवाटीने रोपं, दोन-तीन वर्षांत झाडी, उद्घाटनाला नगरसेवक. अकिरा मियावाकी या वनस्पतिशास्त्रज्ञांना ही कल्पना सुचली ती देवळाभोवतीच्या जुन्या रानांवरून. जपानात बऱ्याच ठिकाणी लावलेली झाडं, अस्सल मूळचं रान उरलं ते मुख्यतः चिंजु नो मोरीत. तिथली झाडं बघायची आणि तीच एकत्र लावायची. म्हणजे कोथरूडच्या कोपऱ्यावरची ती झाडी ही जपानी देवराईची नात आहे. आपल्याकडची आजी जिवंत असताना दुसऱ्याच्या नातीचं कौतुक, हे आपलं नेहमीचंच. शिवाय या नातीत कोणी जपानी पद्धत म्हणून गुलमोहर घुसडला की मियावाकींचा आत्मा कळवळत असेल. त्यांचा सगळा आग्रह स्थानिक झाडांचा.

नवी भीती

कुऱ्हाडीला देव पुरून उरले. सिमेंटपुढे त्यांची जरा पंचाईत झाली आहे. मुंबईला गेलेले चाकरमानी वर्गणी काढतात, जीर्णोद्धार समिती होते, आणि ज्या देवाला छप्पर नको होतं त्याला स्लॅब मिळतो. मग सभामंडप. मग फरशी, कारण पाचोळ्यात साप. मग गाड्या लावायला जागा. झाडं कोणी देवाला न विचारता तोडत नाही बरं का, रीतसर कौल घेतात. पण भक्तांनी एवढी वर्गणी जमवल्यावर पाकळी डाव्या बाजूला पडायची हिंमत तरी कशी करणार!

उलटंही घडतं. ओसाकाजवळ कायाशिमा नावाचं रेल्वे स्टेशन आहे. १९१० साली ते एका देवळातल्या कापराच्या झाडाशेजारी उघडलं. झाडाचं वय सुमारे सातशे वर्षं. गर्दी वाढली, रूळ वर उचलून स्टेशन मोठं करायचं ठरलं, झाड वाटेत आलं. तोडायचा बेत १९७२ च्या सुमाराला पक्का झाला. लोक चिडले. अमक्याने फांदी तोडली त्याला ताप आला, तमक्याला झाडात पांढरा साप दिसला, अशा गोष्टी फिरू लागल्या. रेल्वेवाल्यांनी मग नकाशा बदलला. १९८० साली स्टेशन पुरं झालं तेव्हा झाड जिथल्या तिथे होतं. बुंध्याशी छोटं देऊळ, फलाटावर काचेच्या आड खोड, आणि स्टेशनच्या छपराला मधोमध एक मोठं चौकोनी भोक.

पाऊस आला की फलाटावरची माणसं कोरडी राहतात. झाड भिजतं.